१५ ते १८ या वयात पहिला पासपोर्ट: अर्जाआधीचे काम आणि अर्जानंतरची वाट

पहिला पासपोर्ट काढायला निघालेल्या बहुतेक घरांमध्ये धास्ती असते ती ऑनलाइन अर्जाची आणि पोलीस पडताळणीची. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे तुलनेने सोपी आहेत. अवघड असते ते त्याआधीचे काम, म्हणजे मुलाचे किंवा मुलीचे नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत की नाहीत हे बारकाईने पाहणे, आणि नसतील तर ती एकसारखी करून घेणे. या कामाला पैसे फारसे लागत नाहीत, पण वेळ लागतो. म्हणून दहावी-अकरावीतल्या मुलांनी परदेशी शिक्षणाचा, स्पर्धेचा किंवा कौटुंबिक प्रवासाचा बेत पक्का होण्याची वाट न पाहता कागद आधीच तपासावेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पासपोर्ट ही सरकारने केलेली मेहेरबानी नाही, हे सुरुवातीलाच समजून घेणे आवश्यक आहे. परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात दिला आणि त्यानंतर त्याच वर्षी संसदेने पासपोर्ट कायदा केला. त्याआधी पासपोर्ट द्यावा की नाही हे बरेचसे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होते. आता तो कोणत्या कारणांनी नाकारता येतो हे कायद्यात लिहिलेले आहे. अर्जदार जे कागद देतो त्यांतून कार्यालयाला मुळात तीनच प्रश्नांची उत्तरे हवी असतात: ही व्यक्ती कोण आहे, ती भारताची नागरिक आहे का, आणि ती १८ वर्षांखालची असेल तर तिच्या पालकांची संमती आहे का. प्रत्येक कागद यांपैकी कोणत्या प्रश्नासाठी मागितला जात आहे हे लक्षात आले, की कागदपत्रांची यादी पाठ करण्याची गरज उरत नाही.

नागरिकत्वाचा प्रश्न बहुतेक घरांत सहज सुटतो. आज किशोरवयात असलेली मुले ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेली आहेत, आणि त्या तारखेपासून भारतात जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व केवळ जन्मस्थानावर ठरत नाही. आईवडील दोघेही भारतीय नागरिक असावे लागतात, किंवा एक जण भारतीय असून दुसरी व्यक्ती बेकायदा स्थलांतरित नसावी लागते. त्यामुळे मुलाच्या अर्जासोबत पालकांची कागदपत्रेही पाहिली जातात.

जन्मतारखेच्या पुराव्याबाबत मात्र अलीकडे बराच गोंधळ झाला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत नियमांत दुरुस्ती झाली आणि 'आता फक्त जन्म प्रमाणपत्रच चालणार' अशी बातमी अर्धवट पसरली. ती दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागू आहे, म्हणजे आज जी मुले पाळण्यात किंवा बालवाडीत आहेत त्यांना. त्याआधी जन्मलेल्यांना जन्म प्रमाणपत्राशिवाय शाळा सोडल्याचा दाखला किंवा मान्यताप्राप्त मंडळाचे दहावीचे प्रमाणपत्र असे अन्य पुरावेही देता येतात. तरीही ज्यांच्याकडे जन्म प्रमाणपत्र आहे त्यांनी तेच द्यावे, कारण त्यात जन्मतारीख, जन्मस्थान आणि आईवडिलांची नावे ही तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात.

जन्म प्रमाणपत्र हाती घेतल्यावर पहिल्यांदा त्यातील नावाचा रकाना पाहावा. महाराष्ट्रातील अनेक जुन्या नोंदींमध्ये तो रिकामा असतो, कारण रुग्णालयाने किंवा ग्रामपंचायतीने नोंद केली तेव्हा बाळाचे बारसे झालेले नव्हते आणि नंतर नाव घालून घेण्याचे राहून गेले. नियमानुसार जन्माची नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या वर्षी असलेल्या मुलाच्या घरी हा रकाना रिकामा असेल, तर पासपोर्टचा विचार मनात नसला तरी हे काम त्याच आठवड्यात हाती घ्यावे.

आता नावाकडे वळू, कारण सर्वाधिक अर्ज अडकतात ते इथेच. आपल्याकडे पूर्ण नावात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात, पण पासपोर्टच्या अर्जात रकाने दोनच असतात: एक दिलेल्या नावाचा, म्हणजे 'गिव्हन नेम'चा, आणि दुसरा आडनावाचा. समजा मुलीचे नाव सानिका संजय जाधव असे आहे. तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर राज्य मंडळाच्या पद्धतीप्रमाणे आडनाव आधी, म्हणजे 'जाधव सानिका संजय' असे छापलेले असेल. आधारवर 'सानिका संजय जाधव' असेल आणि जन्म प्रमाणपत्रावर कदाचित नुसते 'सानिका' असेल. अशा वेळी दिलेल्या नावाच्या रकान्यात 'सानिका संजय' आणि आडनावाच्या रकान्यात 'जाधव' लिहिणे ही महाराष्ट्रात रुळलेली पद्धत आहे आणि ती दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळत असल्याने पुढे सोयीची ठरते. वडिलांचे नाव पासपोर्टच्या शेवटच्या पानावर स्वतंत्रपणे छापले जाते, त्यामुळे काही कुटुंबे दिलेल्या नावात फक्त 'सानिका' ठेवतात. तेही चालते, पण मग आधार, बँक खाते आणि शैक्षणिक कागद यांच्याशी ते जुळणार आहे का, याचा विचार आधी करावा. विमानाचे तिकीट, व्हिसा आणि परदेशी विद्यापीठाचा प्रवेश या सर्व ठिकाणी पासपोर्टवरचे नावच जसेच्या तसे वापरावे लागते. वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर लिहू नये, ते पूर्ण लिहावे.

आडनावाचा रकाना रिकामा सोडून संपूर्ण नाव एकाच रकान्यात भरण्याची चूकही होते. ती वरवर किरकोळ वाटते, परंतु एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टधारकांना पुढे अडचणी येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द नाव म्हणून असलेल्या प्रवाशांच्या प्रवेशावर निर्बंध आणले, तेव्हा कितीतरी भारतीय प्रवाशांपुढे हा प्रश्न उभा राहिला. ज्यांना आडनाव आहे त्यांनी ते त्याच्या रकान्यातच लिहावे.

इंग्रजी अक्षरजुळणी हा आणखी एक नाजूक भाग आहे. मराठी कागदांवर नाव अचूक असते, पण ते इंग्रजीत कोणी, कधी आणि कसे उतरवले यावर पुढचे सारे ठरते. 'श्रद्धा' या नावात एका कागदावर 'डी' एकदा असतो, दुसऱ्यावर दोनदा. 'दीपाली'मध्ये कुठे 'आय' असतो तर कुठे दोन 'ई'. घरातल्यांना या दोन्ही दीपाली, दोन्ही श्रद्धा एकच वाटतात. पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर मात्र दोन वेगळी नावे असतात आणि त्याने शंका घेतली तर तो त्याचे कामच करत असतो. म्हणून जन्म प्रमाणपत्र, शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पालकांचे ओळखपत्र हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. हे काम पालकांनी एकट्याने न करता मुलालाच करू द्यावे, कारण हे नाव पुढची अनेक दशके त्याला वागवायचे आहे.

फरक आढळला तर कोणता कागद दुरुस्त करायचा, याचा क्रम महत्त्वाचा आहे. पाया म्हणून जन्माची नोंद आणि शाळेची नोंद धरावी व आधार सर्वांत शेवटी त्यांच्याशी जुळवून घ्यावे. आधारमधील नाव दोनदा आणि जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईने चुकीची दुरुस्ती करून ती संधी वाया घालवू नये. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आधारमध्ये बोटांचे ठसे आणि छायाचित्र नव्याने नोंदवणे बंधनकारक आहे, आणि ते राहिले असेल तर याच फेरीत उरकून घ्यावे. शाळेच्या नोंदीबाबत एक गोष्ट फार कमी पालकांना ठाऊक असते. जनरल रजिस्टरमधील नाव किंवा जन्मतारीख बदलण्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते आणि ती प्रक्रिया विद्यार्थी शाळेत शिकत असेपर्यंतच सुरळीत होते. एकदा दाखला निघाला आणि दहावीचे प्रमाणपत्र छापून झाले, की तीच दुरुस्ती मंडळापर्यंत न्यावी लागते. त्यामुळे नववीचे वर्ष हा कागद तपासण्याचा उत्तम काळ आहे.

कागद जुळले की मुदतीचा निर्णय घ्यावा लागतो, आणि इथे १५ ते १८ या वयोगटाला एक पर्याय आहे जो त्याहून लहान मुलांना नाही. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वैध असतो. साडेसोळा वर्षांच्या मुलाने असा पासपोर्ट घेतला तर तो दीड वर्षातच संपेल. प्रवासाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अट अनेक देशांची असते, हे जमेस धरले तर प्रत्यक्ष उपयोगाचा काळ वर्षभराचाच उरतो. म्हणून १५ वर्षे पूर्ण झालेल्यांना पूर्ण दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट मागता येतो. अल्पमुदतीच्या पासपोर्टचे शुल्क १,००० रुपये आहे, दहा वर्षांच्या ३६ पानी पासपोर्टचे १,५०० रुपये आणि ६० पानी पासपोर्टचे २,००० रुपये. तत्काळ योजनेत यावर आणखी २,००० रुपये भरावे लागतात. पाचशे रुपये वाचवण्यासाठी दीड वर्षाचा पासपोर्ट घेऊन पुन्हा हीच सारी प्रक्रिया करणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर किंवा त्यांच्या 'एमपासपोर्ट सेवा' ॲपवर भरायचा असतो. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे जादा पैसे उकळतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' आहे याची खात्री करूनच पुढे जावे. अर्जातला पहिलाच प्रश्न नवा पासपोर्ट की पुनर्निर्गम, म्हणजे 'फ्रेश' की 'री-इश्यू' असा असतो. मुलाचा लहानपणी एखाद्या सहलीसाठी पासपोर्ट काढलेला असेल आणि तो केव्हाच संपला असेल, तरी आताचा अर्ज 'री-इश्यू'चाच होतो. जुना पासपोर्ट कपाटात कुठेतरी असतो, घरच्यांना त्याचा विसर पडतो आणि 'फ्रेश' निवडले जाते. संगणकावर जुनी नोंद दिसते आणि अर्ज तिथेच थांबतो. जाणूनबुजून चुकीची माहिती देणे किंवा माहिती दडवणे हा पासपोर्ट कायद्याच्या १२व्या कलमानुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, त्यामुळे शंका असेल तिथे घरातल्या मोठ्यांना विचारूनच उत्तर भरावे.

संमतीचा भाग 'ॲनेक्शर डी' या नमुन्यात येतो. आईवडील दोघांनीही त्यावर सही करून मुलाला पासपोर्ट देण्यास संमती असल्याचे आणि दिलेली माहिती खरी असल्याचे जाहीर करायचे असते. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सुलभ झाल्यापासून ही प्रतिज्ञापने साध्या कागदावर चालतात आणि त्यांना नोटरीचा किंवा दंडाधिकाऱ्याचा शिक्का लागत नाही. त्याच वेळी आणखी एक मोठा बदल झाला, ज्याचे महत्त्व अनेक घरांना आजही पोहोचलेले नाही. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव देता येते. एकटीने मूल वाढवणाऱ्या आईला वडिलांचे नाव लिहिण्याची सक्ती नाही आणि घटस्फोटाचा हुकूमनामा जोडण्याचीही नाही. दुसऱ्या पालकाची संमती मिळू शकत नसेल, तर त्याचे कारण नोंदवणारा 'ॲनेक्शर सी' हा नमुना भरायचा असतो. मात्र मुलाच्या ताब्याबाबत न्यायालयात वाद चालू असेल किंवा न्यायालयाने आदेश दिलेला असेल, तर तो दडवून ठेवू नये. अनाथाश्रमात वाढलेल्या मुलाकडे जन्मतारखेचा पुरावा नसेल तर संस्थाप्रमुखाने संस्थेच्या पत्रकावर दिलेले निवेदन ग्राह्य धरले जाते, तर दत्तक मुलांसाठी दत्तकपत्र नसल्यास साध्या कागदावरील प्रतिज्ञापन चालते. या तरतुदी माहीत नसल्यामुळे एखाद्या मुलाने अर्जच करू नये, असे होता कामा नये.

पालकांकडे स्वतःचा पासपोर्ट नसेल तर मुलाला मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. पासपोर्ट असेल तर काम हलके होते एवढेच. पत्त्याचा पुरावा अल्पवयीन अर्जदाराच्या बाबतीत पालकांच्या नावाचा चालतो: त्यांचे आधार, वीजबिल, छायाचित्र असलेले चालू बँक खात्याचे पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी काही. प्रतींवर सह्या पालकांनी करायच्या असतात.

अर्ज भरून, शुल्क ऑनलाइन भरून भेटीची वेळ घ्यावी लागते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर येथे, तर गोव्यासाठी पणजी येथे प्रादेशिक कार्यालय आहे. त्यांच्या अखत्यारीत पासपोर्ट सेवा केंद्रे आहेत आणि २०१७ पासून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या टपाल कार्यालयांतही पासपोर्ट केंद्रे सुरू झाली आहेत. पूर्वी तालुक्याच्या गावाहून मुंबई-पुण्याला मुक्कामाची तयारी करून जावे लागे, ती वेळ आता अनेकांवर येत नाही. २०१८ पासून देशातल्या कोणत्याही केंद्रात अर्ज करता येतो, पण पडताळणी अर्जात लिहिलेल्या पत्त्यावरच होते. लातूरला किंवा पुण्याला वसतिगृहात राहून बारावीची तयारी करणाऱ्या मुलाने घरचा पत्ता दिला असेल, तर पोलीस घरीच विचारपूस करतील आणि तेव्हा त्याला गावी बोलावले जाऊ शकते. म्हणून अर्जाची वेळ सुट्टीत साधावी.

भेटीच्या दिवशी अर्जदाराला स्वतः जावे लागते आणि निदान एका पालकाने सोबत असावे. दोघांनाही शक्य असेल तर दोघांनी जावे, कारण सहीबाबत काही विचारणा झाली तर ती जागच्या जागी मिटते. सेवा केंद्रात टोकन मिळते आणि तीन टप्पे पार करावे लागतात. पहिल्या खिडकीवर कागद स्कॅन होतात, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात, त्यामुळे या वयाच्या अर्जदाराला स्टुडिओतून छायाचित्र काढून नेण्याची गरज नसते. इथे संगणकाच्या पडद्यावर भरलेली माहिती दाखवली जाते आणि अक्षर दुरुस्त करून घेण्याची ही सर्वांत सोपी जागा आहे. दुसऱ्या खिडकीवर सरकारी अधिकारी मूळ कागद तपासतात आणि तिसऱ्या खिडकीवर पासपोर्ट मंजूर करण्याचा निर्णय होतो. कागद कमी पडला तर तो घेऊन पुन्हा यायला सांगतात. याला नकार समजून निराश होऊ नये. सही मुलाने स्वतः करायची असते आणि तीच पासपोर्टवर छापली जाते, तेव्हा घरी दोन-चार वेळा सराव करून एक सही पक्की ठरवणे बरे.

दहावी उत्तीर्ण झालेल्यांनी त्याचा पुरावा अर्जाला आवर्जून जोडावा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार कमी शिकलेल्या कामगारांची परदेशात फसवणूक होऊ नये म्हणून आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या काहींना सरकारी परवानगी घ्यावी लागते, आणि अशांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते. दहावी उत्तीर्ण व्यक्ती या अटीतून मुक्त असते. दहा वर्षांचा पासपोर्ट घेणारा मुलगा त्या मुदतीत नोकरीच्या वयाचा होणारच आहे, त्यामुळे ही नोंद सुरुवातीलाच टळलेली बरी.

पोलीस पडताळणी प्रत्येक वेळी होतेच असे नाही. आईवडिलांकडे वैध पासपोर्ट असतील आणि कागद जुळत असतील तर अल्पवयीन मुलाला सहसा तिच्याशिवायही पासपोर्ट मिळतो. निर्णय कार्यालयाचा असतो. पडताळणी झालीच तर मूळ कागद दाखवावेत, विचारलेल्या प्रश्नांची सरळ उत्तरे द्यावीत आणि हे लक्षात ठेवावे की या कामासाठी पोलिसांना कोणतेही पैसे द्यायचे नसतात. सोळा वर्षांच्या मुलाचा पोलिसांशी आलेला हा बहुधा पहिलाच संबंध असतो, म्हणून तो स्वच्छ राहील याची काळजी पालकांनी घ्यावी.

पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. २०२४ पासून चिप बसवलेले ई-पासपोर्ट टप्प्याटप्प्याने देण्यास सुरुवात झाली आणि सुरुवातीच्या कार्यालयांमध्ये नागपूरचाही समावेश होता. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. तयार पासपोर्ट स्पीड पोस्टाने अर्जातील पत्त्यावर येतो. पाकीट उघडल्यावर नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, आईवडिलांची नावे, मुदतीची तारीख आणि 'ईसीआर'ची नोंद आहे किंवा नाही, हे सारे त्याच बैठकीत तपासावे आणि चूक आढळली तर प्रवासाची वाट न पाहता लगेच कार्यालयाला कळवावे. पहिल्या व शेवटच्या पानाची स्कॅन केलेली प्रत वेगळी जपून ठेवावी. कायद्याच्या १७व्या कलमानुसार पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते, त्यामुळे तो कोणा एजंटाकडे किंवा मालकाकडे तारण म्हणून ठेवता येत नाही, आणि हे पुढे शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणाऱ्या मुलाला आजच सांगून ठेवावे.